वेळापत्रकात नसलेला तास



या स्मरणिकेत आठवणींना तोटा नसणार. स्नेहसंमेलनातल्या नाटकाची फजिती, सहलीच्या एस.टी.त सांडलेला डबा, पी.टी.च्या सरांची शिट्टी हे सगळे कोणी ना कोणी लिहीलच. संपादक मंडळाने माझ्याकडे मात्र इतिहासाचा लेख मागितला. पुढे तीस वर्षे मी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवले, म्हणून विषयही त्याच वाटेवरचा घेतला आहे. शाळेत मुलाच्या अभ्यासाची नोंद होते, उंची-वजनाचीही होते. त्याच्या मनाची दखल घेणारी व्यवस्था आपल्याकडे कधी सुरू झाली, कोणत्या वाटांनी आली आणि आपल्यासारख्या तालुक्याच्या शाळेपर्यंत यायला तिला इतका वेळ का लागला, ते थोडक्यात मांडतो.

आपण १९८४ च्या दहावीची मुले. आपल्या वेळापत्रकात गणित होते, संस्कृत-हिंदी होते, शनिवारी कवायत होती, कार्यानुभवाचा तासही होता. ‘समुपदेशन’ हा शब्द मात्र कानावर पडलेला नव्हता. एखादे मूल गप्प गप्प राहू लागले तर ‘लक्ष नाही’, सारखे चिडू लागले तर ‘उद्धट’ आणि शाळेला दांड्या मारू लागले तर ‘उनाड’, एवढीच विशेषणे आपल्या हाताशी होती. पण म्हणून त्या काळी मुलाच्या मनाचा विचार कोणी केलाच नव्हता, असे नाही. आपल्या जन्माच्या तीस वर्षे आधी तो मुंबईत सुरू झाला होता.

पहिली वाट: मोजमाप

मूळ गोष्ट अमेरिकेतली आहे. फिलाडेल्फियात १८९६ मध्ये लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे एका शिक्षिकेने आपला एक विद्यार्थी आणला. मुलाला शुद्धलेखन काही केल्या जमत नव्हते. मुलगा आळशी नसेल, अडचण दुसरीकडेच असेल, असे त्या शिक्षिकेला वाटले. जगातले पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय या अशा साध्या शालेय तक्रारीतून उभे राहिले. पुढे १९०९ मध्ये शिकागोत विल्यम हीली यांनी बालन्यायालयात येणाऱ्या मुलांचा अभ्यास सुरू केला, आणि १९१३ मध्ये लंडनच्या कौंटी कौन्सिलने सिरिल बर्ट यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले.

आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आज आपण त्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. या विद्यालयाने दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, बालमार्गदर्शन केंद्र काढले. देशातल्या अशा केंद्रांची सुरुवात तिथून झाली. बालमार्गदर्शन केंद्राची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिथे डॉक्टर असतो, मानसशास्त्रज्ञ असतो आणि समाजकार्यकर्ता असतो. डॉक्टर मुलाला तपासतो, मानसशास्त्रज्ञ त्याच्याशी खेळतो, बोलतो, चाचण्या घेतो, आणि समाजकार्यकर्ता त्याच्या घरी आणि शाळेत जाऊन येतो. मग तिघे एकत्र बसून ठरवतात की बदलायचे काय: मुलाचे औषध, घरातली वागणूक की वर्गातली जागा. दोष एकट्या मुलाच्या माथी मारायचा नाही, ही त्या पद्धतीतली मोठी गोष्ट होती.

शाळांपर्यंत मात्र हे सगळे आले नाही. शाळांना त्यातला चाचणीचा भाग तेवढा भावला. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे रूपांतर मराठी आणि कानडी मुलांसाठी केले, तेही १९३४ मध्ये. बिने-कामत चाचणी त्यानंतर कित्येक दशके देशभर वापरली गेली. आपल्या भाषेत मुलाशी बोलून त्याची समज अजमावण्याचा तो पहिला शास्त्रीय प्रयत्न होता, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे.

परंतु मदत देण्यासाठी केलेले मोजमाप वेगळे आणि निवडून बाजूला काढण्यासाठी केलेले वेगळे. आपल्या शाळांनी चाचणी क्वचितच वापरली, पण निवडण्याची सवय मात्र उचलली. अ तुकडी आणि ड तुकडी यांच्यातले अंतर आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. अ तुकडीला अनुभवी सर, ड तुकडीला नव्याने लागलेले. कोण कुठे बसणार हे सहामाहीचे गुण ठरवत, आणि एकदा ड मध्ये गेलेला मुलगा परत वर आल्याचे मला तरी फारसे आठवत नाही.

दुसरी वाट: ‘दहावीनंतर काय?’

दुसरी वाट नोकरी-व्यवसायाच्या बाजूने आली. बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी उघडली. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने असेच केंद्र काढले, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय करण्याची शिफारस केली. १९५४ मध्ये दिल्लीत शिक्षण मंत्रालयाने त्यासाठी केंद्रीय कचेरी उभी केली. शाळेतल्याच एका शिक्षकाला थोडे प्रशिक्षण देऊन ‘करिअर मास्तर’ करायचे, अशी ती योजना होती. कोठारी आयोग (१९६४-६६) त्याच्याही पुढे गेला. मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग आहे, ते सगळ्या मुलांना मिळावे आणि प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांपासून मिळावे, असे आयोगाने स्पष्ट लिहिले.

कागदावर इतके चांगले असताना आपल्यापर्यंत काय पोहोचले? दहावीच्या वर्षी जानेवारीत झालेले एक व्याख्यान आणि भिंतीवर लावलेला एक तक्ता: विज्ञान, वाणिज्य, कला, आय.टी.आय., डी.एड. व्याख्यात्यांनी तळमळीने सांगितले, आपण टाळ्या वाजवल्या आणि परीक्षेच्या तयारीला लागलो. ज्या मुलाला दहावीपर्यंत टिकणेच कठीण होते, त्याच्यासाठी त्या तक्त्यात काही नव्हते.

आपल्या बाकांवरची गोष्ट

इतिहास लिहिताना आपल्या वर्गाकडे पाहणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला तशी गिरणगावातली बिऱ्हाडे गावाकडे परतू लागली. आपण नववीत गेलो त्या जूनमध्ये वर्गात नवी मुले दिसू लागली, ती याच बिऱ्हाडांतली. वर्षाच्या मध्येही काही जण आले. त्यांच्याकडे मुंबईच्या शाळेचा दाखला असायचा, बोलण्यात मुंबईची ढब असायची आणि आपण त्यांना ‘मुंबईकर’ म्हणून चिडवायचो. त्यांचे वडील दिवसभर ओट्यावर बसून असत. घरात पैसा नसे, कधी दारू असे, आणि परत जायचे की इथेच राहायचे हे कोणालाच ठाऊक नसे. चौदा वर्षांचे मूल हे सगळे दप्तरात घालून शाळेत येत होते.

त्या मुलांसाठी शाळेने काही केले का? काही जणांनी केले. आपल्या एक बाई शाळा सुटल्यावर अशा दोघा-तिघांना ग्रंथालयातली पुस्तके लावायच्या निमित्ताने थांबवून घेत. काम अर्ध्या तासाचे, पण ते तास-दीड तास चाले, कारण बाई मध्येच स्टुलावर बसून गप्पा मारत. शिपाईमामा उशिरा आलेल्या मुलाला फाटकातून आत घेताना एकच प्रश्न विचारत, “जेवलास का रे?” आज प्रशिक्षणवर्गात आम्ही ज्याला ‘न टोकता ऐकून घेणे’ म्हणतो, ते बाई कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय करत होत्या. या अंकाच्या निमित्ताने त्यांचे ऋण नोंदवून ठेवतो.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. बाई ज्या तुकडीच्या वर्गशिक्षिका होत्या, त्याच तुकडीला बाई मिळाल्या. बाकीच्या तुकड्यांतल्या मुलांना काय मिळाले, हे नशिबावर होते.

संमेलनाची यादी करण्यासाठी मी कार्यालयात बसून जुने जनरल रजिस्टर चाळले. पाचवीत दाखल झालेली नावे आणि दहावीचा फॉर्म भरलेली नावे यांत बरीच तफावत आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. तो सगळ्यांचाच ‘चांगली’ असा भरलेला आहे, अगदी आपल्यातल्या नामांकित खोडकरांचाही. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांचा अर्ज’, ‘घरगुती अडचण’, ‘सतत गैरहजर’. सतत गैरहजर हे शाळा सोडण्याचे कारण कसे असेल? ते तर शाळा सुटत चालल्याचे लक्षण. त्यामागचे कारण विचारण्याचे काम शाळेत कोणाकडेच सोपवलेले नव्हते, म्हणून ते कुठे लिहिलेले सापडत नाही.

तिसरी वाट: कायदा आणि परीक्षा

आपण शाळेतून बाहेर पडल्यावर मात्र हालचाल वाढली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्येच, म्हणजे संपाच्याच वर्षी, सुरू झाला होता. जिल्हा पातळीवर तो १९९६ पासून उतरू लागला. महाराष्ट्रात स्वयंसेवी कामाने मोठी मजल मारली. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून, डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांच्या पुढाकाराने, मानसशास्त्राला शिक्षणाच्या जोडीला आणले होतेच. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ‘वेध’ ही करिअर परिषद सुरू झाली. ‘दहावीनंतर काय?’ या जुन्या प्रश्नाला ‘तुला काय करायला आवडते?’ हा दुसरा प्रश्न तिथे जोडला गेला.

१९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली, आणि या बाबतीत आपले राज्य देशात आघाडीवर राहिले. तोंडी उत्तर फडाफड देणारा पण वहीत ‘ध’ आणि ‘घ’ यांची अदलाबदल करणारा मुलगा आपल्याही वर्गात होता. त्याच्या हातावर उमटलेले वळ आठवतात. फिलाडेल्फियाच्या त्या शिक्षिकेला १८९६ मध्ये जो संशय आला, तो आपल्या नियमांत यायला बरोबर शंभर वर्षे लागली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले. त्याआधी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. मुलाच्या मनाला इजा होऊ शकते, हे कायद्याने मान्य केले.

बाकीची हालचाल झाली ती परीक्षेच्या धास्तीने. केंद्रीय बोर्डाने १९९८ पासून परीक्षेच्या दिवसांत दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले. आपल्या राज्यात दहावीच्या मुलांसाठी २०१६ मध्ये कलचाचणी आली. २०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ करण्याची योजना निघाली, आणि त्याच वर्षी कोरोनाने शाळा बंद असताना ‘मनोदर्पण’ सुरू झाले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही चोवीस तासांची सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. हा अंक घरी नेल्यावर नातवंडांच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ तेवढा लिहून ठेवा.

एवढे होऊनही चित्र बरे नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात हा हिशेब चारावर जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्यांत २,२४८ मृत्यू परीक्षेतल्या अपयशाशी जोडलेले होते. उरलेल्या दहा हजारांवर मुलांकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. आपण निकालाच्या दिवसावर लक्ष ठेवून बसलो आहोत, आणि मूल मात्र वर्षभर शाळेत येत असते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी याच प्रश्नावर निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि मुलांना चारचौघांत लाजवणे शक्यतो टाळावे, असेही त्यात आहे. ते वाचताना मला आपली ड तुकडी आठवली.

आता आपल्या शाळेचे काय?

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळेत १०० हून अधिक मुले असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ शिक्षक सांगितले आहेत. समुपदेशकाचा उल्लेख तिथे नाही. सोळा वर्षांनी न्यायालयाने तोच १०० चा आकडा घेऊन चौथी व्यक्ती मागितली. पण तिचा पगार कोणत्या शीर्षाखाली निघणार, हे अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांना कोणी सांगत नाही. आपल्या शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूताचे प्रशिक्षण घेतले आहे. दोघेही मनापासून काम करतात. पण त्यांच्याकडे पूर्ण तासिका आहेत, वर ऑनलाइन माहिती भरणे आहे, पोषण आहाराचा हिशेब आहे, निवडणुकीचे काम आहे. शिवाय ज्या सरांच्या हातात आपले गुण आहेत, त्यांच्याकडे मन मोकळे करायला मूल बिचकते. म्हणून समुपदेशक हा शिक्षकापेक्षा वेगळा असावा लागतो.

समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा नव्हे. तो ऐकतो. मुलाने सांगितलेले स्टाफरूममध्ये नेत नाही, फक्त जिवाला धोका दिसला तरच योग्य माणसांना सांगतो, आणि तसे आधीच मुलाला सांगून ठेवतो. परीक्षेची साधी भीती कोणती आणि आजार कोणता, हे ओळखून गरज असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे पाठवतो. पालकांना बोलावतो. सतत गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जाऊन येतो. १९३७ च्या केंद्रात समाजकार्यकर्ता करत होता, तेच हे काम.

संमेलनाच्या निधीतून शाळेला काय द्यावे यावर गटात चर्चा चालू आहे. पाण्याचे शुद्धीकरण यंत्र, डिजिटल फळा, प्रवेशद्वाराची कमान अशा सूचना आल्या आहेत. कमानीवर आपल्या तुकडीचे नाव येईल, हे खरे. माझी सूचना अशी की, जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस यावा, त्याचे मानधन आपण पहिली तीन वर्षे द्यावे, आणि जिन्याखालची नकाशांची खोली त्याला मिळावी. त्या खोलीला मागच्या अंगणाकडून दार आहे. आत कोण गेले ते वर्गातून दिसत नाही, आणि मुलांच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची आहे. तीन वर्षांत शासनाची तरतूद झाली तर उत्तम. नाही झाली तर पुन्हा बसून ठरवू. मुख्याध्यापकांशी प्राथमिक बोलणे झाले आहे, त्यांची तयारी आहे.

दुसरी विनंती यादीची. आपली यादी दहावीच्या निकालपत्रकावरून केलेली आहे, त्यामुळे जे त्याआधी गेले ते तिच्यात नाहीत. जनरल रजिस्टरवरून मी त्यांची नावे वेगळी उतरवून घेतली आहेत. संमेलनाच्या दिवशी सकाळी नऊपासून मी कार्यालयाबाहेरच्या बाकावर ती यादी घेऊन बसेन. ज्याच्या शेजारी तुम्ही बसत होता आणि जो एके दिवशी यायचा बंद झाला, त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर मला येऊन सांगा. त्याची हरकत नसेल तर पुढच्या संमेलनाचे पहिले निमंत्रण त्याला जाईल.